गेमिंग संगणक : नवा कधी घ्यावा, जुन्यावर कधी भागवावे

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर माल कधी भरावा आणि कधी हात आखडता घ्यावा, एवढे तरी आपल्याला कळते असा आमचा समज होता. घरातल्या मुलांच्या संगणकाने तो दोनदा खोटा ठरवला. एकदा आम्ही घाई केली आणि नुकसान सोसले. दुसऱ्यांदा थांबायला सांगितले, तेव्हाही नुकसानच झाले. दोन्ही वेळा चूक एकच होती. आम्ही बाजाराच्या तेजी-मंदीकडे पाहत बसलो. घरात असलेले यंत्र नेमके कुठे अडते आहे, हे पाहिलेच नाही.

आमचे दुकान पुण्यात रविवार पेठेत आणि बिऱ्हाड बावधनला. बावधन हे मुळशी तालुक्यातले गाव. बावधन खुर्द आधीच पुणे महापालिकेत गेले होते, बावधन बुद्रुक २०२१ साली गेले. चांदणी चौकाच्या दोन्ही अंगांना आता इमारती उभ्या आहेत आणि त्यांत हिंजवडीला कामाला जाणारी संगणकवाली मंडळी राहतात. त्यांच्या मुलांकडे जे असते ते आमच्या कारागिरांच्या आणि दुकानदारांच्या मुलांनाही हवे असते, यात मुलांचा दोष नाही. पण हे यंत्र ऐंशी हजारांपासून दीड लाखापर्यंत जाते. आमच्या बहुतेक वाचकबंधूंसाठी एवढी रक्कम म्हणजे रमजान ईदच्या आधी भरायचा माल, नाहीतर सुताराची पॅनेल कापायची मशीन. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'गेमिंग' म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे जुगार येतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेचे खेळ वेगळे काढले आहेत. आम्ही लिहीत आहोत ते यंत्राविषयी. तेच यंत्र चित्रफीत कापायला, कपाटाचा किंवा साडीच्या काठाचा नकाशा काढायलाही चालते. मुलाने त्यावर किती वेळ घालवावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.

या यंत्रात खर्चाचा मोठा वाटा ग्राफिक कार्डाचा असतो. पडद्यावरचे चित्र तेच घडवते. प्रोसेसर हिशेब करतो, मेमरी म्हणजे रॅम हाताशी लागणारा माल मांडून ठेवते, आणि एस.एस.डी. हे गोदाम. ज्याला फक्त टॅलीवर बिले काढायची आहेत त्याला ग्राफिक कार्डाची मुळीच गरज नाही. दुकानदाराने 'भविष्यात उपयोगी पडेल' म्हटले तरी घेऊ नये.

घाईचा सौदा

मार्च २०२१. मुलगा अकरावीत होता, वर्ग संगणकावरच चालत. २०२० चा रमजान दुकानाला कुलूप लावूनच गेला होता. आता बाजार उघडला आहे, चार पैसे येतील, अशा भरवशावर आम्ही मुलाच्या आग्रहाला होकार दिला. एनव्हिडियाचे आर.टी.एक्स. ३०६० हे कार्ड त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला बाजारात आले होते. कंपनीचा जाहीर भाव ३२९ डॉलर. तेव्हाच्या ७३ रुपयांच्या दराने हे साधारण २४ हजार होतात, त्यावर १८ टक्के कर धरला तर २८ हजारांच्या थोडे वर. आम्ही मोजले ५८ हजार. दुकानदार म्हणाला, 'आज घ्या, उद्या हेही मिळणार नाही.' हेच वाक्य आम्ही स्वतः किती गिऱ्हाइकांना ऐकवले असेल! तरीही भुललो.

त्या तेजीमागची कारणे आम्हाला नंतर समजली. एक तर कोविडमुळे सारे जग घरात बसून संगणक मागत होते, आणि कारखान्यांतून चिपा पुरेशा निघत नव्हत्या. दुसरे कारण त्याहून मोठे. 'इथेरियम' नावाचे आभासी चलन खणण्यासाठी लोक हीच कार्डे शेकड्याने उचलत होते. म्हणजे खेळणाऱ्या मुलांची मागणी आणि सटोडियांची मागणी एकाच मालावर येऊन पडली होती. कपाशीच्या बाजारात असे झाले की सुताचे काय होते, हे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना सांगायला नको. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि कार्डावरचे ते खणणे एका दिवसात बंद झाले. त्या हिवाळ्यात तेच कार्ड आम्ही तिशी हजारांच्या आसपास पाहिले.

पण खरा फटका भावातल्या फरकाचा नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले. रमजान लागला आणि दुकान बंद. सुरतच्या पार्टीचे पैसे द्यायचे होते, आणि लाखभर रुपये मुलाच्या खोलीत दिवे लावून चमकत होते. त्या पार्टीने आमचे मागचे व्यवहार पाहून तीन महिने दम धरला. धरला नसता तर काय झाले असते, ते आम्ही घरात आजही बोलत नाही.

सटोडिया जेव्हा खऱ्या गिऱ्हाइकाच्या मालात शिरतो, तेव्हा खऱ्या गिऱ्हाइकाने शक्य असेल तर बाजूला व्हावे. मुलाचे वर्ग कार्डाविना चालले असते. नुसता साधा संगणक घेऊन कार्ड नंतर बसवता आले असते. हे आम्हाला सुचले नाही, कारण खरेदी म्हणजे अख्खा ताका उचलायचा अशी आमची सवय. संगणक मात्र कट-पीससारखा तुकड्या-तुकड्यानेही घेता येतो.

थांबल्याने स्वस्त होते का?

'थोडे थांबा, नवे मॉडेल येतेय, जुने उतरेल' हा सल्ला सगळेच देतात. तो कधी खरा ठरतो आणि कधी नाही, हे पाहण्यासाठी आम्ही मुलाकडून एकाच दर्जाच्या, म्हणजे मधल्या वर्गातल्या, एनव्हिडिया कार्डांचे जाहीर भाव काढून घेतले. २०१६ मध्ये जी.टी.एक्स. १०६० चा भाव २४९ डॉलर होता. २०१९ च्या जानेवारीत आर.टी.एक्स. २०६० आले ३४९ ला. २०२१ चे ३०६० हे ३२९ ला, २०२३ चे ४०६० हे २९९ ला, आणि मे २०२५ चे ५०६० पुन्हा २९९ लाच.

म्हणजे नऊ वर्षांत या वर्गाचा भाव अडीचशे ते साडेतीनशेच्या घरातच राहिला. थांबणाऱ्याला तेवढ्याच पैशांत जास्त वेगाचे कार्ड मिळत गेले, पण पैसे वाचले असे झाले नाही. त्यात आपला रुपया आहे. ३२९ डॉलर ७३ च्या दराने २४ हजार होतात, आणि २९९ डॉलर मे २०२५ च्या ८५ च्या दराने २५ हजारांच्या वर जातात. तिकडे तीस डॉलर उतरले, इकडे दीड हजार चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर डॉलरने नव्वदी ओलांडली. हा सगळा माल बाहेरून येतो, तेव्हा डॉलरचा भाव हा त्याच्या किमतीचाच एक भाग समजावा.

आणखी एक गोष्ट कापडवाल्याच्या नजरेला लगेच खुपली. ३०६० वर त्याची स्वतःची मेमरी १२ जी.बी. होती. ४०६० वर आणि ५०६० वर ती ८ जी.बी. भाव थोडा उतरवला आणि पन्हा कमी केला! नवे कार्ड वेगाने पुढे आहे यात शंका नाही, पण मोठे खेळ ८ जी.बी.त अडखळतात. एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टी.आय. नावाचे कार्ड आले, ते ८ मध्येही आहे आणि १६ मध्येही. नाव एकच, माल वेगळा. बिलावर जी.बी.चा आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवी मालिका साधारण दोन वर्षांनी येते: २०१६, २०१८, २०२०, २०२२, आणि मग जानेवारी २०२५. नवी आली की जुनी उतरतेच असे नाही. गोदामात काय पडले आहे यावर ते ठरते. २०२२ च्या ऑक्टोबरात चाळिशीची मालिका आली तेव्हा इथेरियमचा खेळ संपून तिशीच्या मालिकेचे ढीग पडले होते, म्हणून भाव कोसळले. जानेवारी २०२५ मध्ये पन्नाशीची मालिका आली तेव्हा आधीची वरच्या दर्जाची कार्डे बनवणे कंपनीने अगोदरच थांबवले होते आणि नव्याचाही पुरवठा अपुरा होता. परिणामी नवे आणि जुने दोन्ही महाग. तेव्हा जुन्या मालाची वाट पाहणाऱ्याने मालिका कधी येते एवढेच विचारून भागत नाही. दुकानदारांकडे जुना माल किती अडकला आहे, हे विचारावे. हे विचारण्यात तरी आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही.

थांबायला सांगून झालेले नुकसान

आमची धाकटी बहीणही बावधनलाच राहते. मेहुणे फर्निचरचे कारागीर. नव्या इमारतींत स्वयंपाकघराची आणि कपाटांची कामे करतात. भाचा कॉलेजात जातो, खेळतोही, पण बापाच्या कामाचे नकाशे संगणकावर काढून गिऱ्हाइकाला दाखवण्याचे काम गेल्या दोन वर्षांपासून त्यानेच अंगावर घेतले आहे. चित्र पाहून गिऱ्हाईक लवकर होकार देते आणि नंतर 'हे असे सांगितले नव्हते' अशी तक्रार करत नाही, असे मेहुणे सांगतात.

त्याचा संगणक मात्र इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३-१४ चा. कोणाच्या तरी कचेरीतून जुना घेतलेला. जून २०२५ मध्ये भाच्याने विचारले, 'मामू, नवा बांधायचाय. नव्वद हजार जमलेत. आत्ता घेऊ की थांबू?' पैसे निम्मे त्याचे आणि निम्मे बापाच्या बयाण्यातून उचललेले. दुधाने तोंड पोळले होते, म्हणून आम्ही ताक फुंकून प्यायलो. म्हणालो, 'बेटा, दिवाळीचा सेल जाऊ दे, वर्षअखेर येऊ दे. भाव उतरतील.'

ऑक्टोबर २०२५ पासून मेमरीचे भाव चढू लागले आणि दोन-तीन महिन्यांत दुपटी-तिपटीवर गेले. कारण पुन्हा तेच, दुसऱ्या रूपात. जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एस.के. हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे ए.आय.ची, प्रचंड केंद्रे उभी राहत आहेत आणि त्यांना लागणारी खास मेमरी विकण्यात या कंपन्यांना नफा जास्त. म्हणून त्यांनी आपले माग तिकडे वळवले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर केले की घरगुती गिऱ्हाइकांना विकायची 'क्रुशियल' ही छाप आपण बंद करणार. कारखाना जर सगळे सूत निर्यातीच्या मालाला लावू लागला तर स्थानिक बाजारात लुंगीचे कापड महाग होणारच, तसेच हे. जुन्या पद्धतीची डीडीआर ४ मेमरीही यातून सुटली नाही, कारण तिचे उत्पादन आवरते घेणे आधीच सुरू झाले होते.

भाचा आमच्यापुढे येऊन बसला. 'मामू, तुम्हीच थांबा म्हणालात.' एवढेच बोलला. बहीण काही बोलली नाही, ते जास्त लागले.

वास्तविक त्याला थांबायला सांगण्याचे काही कारणच नव्हते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला, आणि ही तारीख आधीपासून जाहीर होती. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच रीतसर चालते. चौथ्या पिढीचे यंत्र त्यात बसत नाही. ज्याच्यावर बापाच्या धंद्याचे नकाशे आहेत ते यंत्र सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना चालवणे, म्हणजे कडी नसलेल्या गोदामात माल ठेवण्यासारखे. वाढीव मुदत एक वर्षाची दिली गेली खरी, पण ती पूल ओलांडण्यापुरती. शिवाय नवे खेळही आता यंत्राची कुलपे तपासून मगच उघडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'बॅटलफील्ड ६' ला सिक्युअर बूट चालू असावे लागते. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट'लाही तेच.

म्हणजे आमच्या घरचे २०२१ चे यंत्र आणि भाच्याचे यंत्र यांना एकच सल्ला लागू नव्हता, आणि आम्ही तो लावला.

यंत्र कुठे अडते ते कसे ओळखावे

हे काम पैसे न खर्चता घरी होते. ज्या खेळात किंवा कामात अडखळते ते चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा. ग्राफिक कार्डाचा आकडा ९५-९९ टक्क्यांवर चिकटून असेल तर अडचण कार्डाची. तो ६०-७० वर रेंगाळत असेल आणि तरी चित्र तुटत असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर पुरत नाही. दुसरी परीक्षा: खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करून पाहावे. वेग चांगला वाढला तर कार्ड कमजोर आहे. काहीच फरक पडला नाही तर कार्डावर पैसे घालून उपयोग नाही, प्रोसेसर पाहावा. मेमरीचा आकडा भरून गेला असेल तर रॅम वाढवावी. ती एकच पट्टी बसवलेली असेल तर तेवढीच दुसरी पट्टी जोडल्यानेही वेग वाढतो, कारण दोन पट्ट्या जोडीने काम करतात.

या सगळ्याच्याही आधी झाकण उघडून धूळ काढावी. चांदणी चौकाचा जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि नवा ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला. त्या काळात आणि त्यानंतरच्या बांधकामांनी बावधनच्या घरांत जी धूळ आणली ती यंत्रांच्या पंख्यांतही गेली. यंत्र तापले की आपोआप वेग कमी करते. आमच्या मुलाचा संगणक 'जुना झाला' म्हणून तक्रार होती. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, आणि अर्धी तक्रार तिथेच मिटली. अजूनही कोणाच्या यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एस.एस.डी. बसवणे, यासारखा पैशांचा मोबदला दुसऱ्या कशात नाही.

माग हळू चालतो म्हणून कोणी कारखाना पाडत नाही. आधी धोटा पाहतात, फणी पाहतात. आमच्या यंत्रात कार्ड अजून पुरेसे होते, अडत होता तो रायझेन ५ ३६०० हा प्रोसेसर. ए.एम.डी.च्या ए.एम. ४ या बैठकीवर २०१७ पासून २०२२ पर्यंतच्या पिढ्या बसतात. त्याच बोर्डाचे बायोस अद्ययावत करून आम्ही रायझेन ७ ५७०० एक्स बसवला. बोर्ड तोच, मेमरी तीच, कार्ड तेच. पैसे नव्या यंत्राच्या मानाने किरकोळ लागले. ज्याच्याकडे इंटेलच्या बाराव्या पिढीचे यंत्र आहे त्यालाही तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता येतो. फक्त २०२४ मध्ये त्या दोन पिढ्यांच्या वरच्या मॉडेलांत बिघाडाच्या तक्रारी आल्या होत्या आणि इंटेलने दुरुस्ती दिली होती. ती बायोसमधून घातली आहे ना, हे पाहावे.

नवे यंत्र केव्हा? तर एक भाग बदलायला गेले की त्याच्यासोबत बोर्ड, मेमरी आणि प्रोसेसर असे तिन्ही बदलावे लागतात, तेव्हा. डीडीआर ३, ४ आणि ५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. तिथे ठिगळ लावणे थांबवावे.

अजून न आलेल्या खेळासाठी यंत्र घेणे हाही एक मोह असतो. 'जी.टी.ए. ६' साठी आत्ताच घेऊन ठेवतो म्हणणारी मुले आम्ही पाहिली. त्या खेळाची तारीख कंपनीने २०२५ मध्ये दोनदा पुढे ढकलली, आणि जाहीर केलेल्या त्या तारखा प्लेस्टेशन व एक्सबॉक्ससाठी होत्या, संगणकासाठी नव्हत्या. याच कंपनीचा आधीचा भाग त्या यंत्रांवर २०१३ च्या सप्टेंबरात आला आणि संगणकावर एप्रिल २०१५ मध्ये. दीड वर्षाहून जास्त अंतर! ईदचा माल कोणी बकरीदेच्या आधीच्या बकरीदेला भरत नाही. खेळ हातात आल्यावर, त्याला काय लागते हे छापून आल्यावर यंत्र पाहावे.

पैसा आणि बिल

'नो कॉस्ट ई.एम.आय.' वर घेऊ, म्हणजे व्याज नाही, असे मुले सांगतात. आमच्या वाचकांना व्याज टाळायचे असते म्हणून हे नीट समजून घ्यावे. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी किमतीत दाखवते, म्हणून बेरीज सारखी दिसते. क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जी.एस.टी. वेगळा लागतो आणि प्रक्रिया शुल्कही. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तीही जाते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नाही. त्यापेक्षा मोहल्ल्यातली भिशी बरी, किंवा घरातल्या घरात कर्ज-ए-हसना. हप्ता तोच, पण कागदावर जे आहे तेच खरे.

जी.एस.टी. संगणकावर १८ टक्के आहे. यंत्र खरोखर धंद्याच्या कामासाठी असेल आणि आपण नियमित नोंदणीत असाल, तर बिलावर आपला नंबर घालून त्या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा धरता येतो. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला असेल तर निम्माच. मुलाचे खेळायचे यंत्र मात्र दुकानाच्या वहीत घालू नये. 'सगळेच घालतात' हे उत्तर ऑफिसरपुढे चालत नाही आणि दुसरीकडेही चालणार नाही.

तयार यंत्र घ्यावे की सुटे भाग जोडून घ्यावे? आमचे मत सुट्या भागांकडे झुकते, पण जोडणारा माहितीचा हवा. सुट्या भागांत प्रत्येक भागाची कंपनीची वेगळी हमी असते; डबाबंद प्रोसेसरवर इंटेल आणि ए.एम.डी. दोघांचीही तीन वर्षांची. 'ट्रे'चा, म्हणजे डब्याशिवायचा, प्रोसेसर स्वस्त पडतो, त्याची हमी दुकानदाराच्या जिभेवर असते. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर घ्यावा. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये. स्वस्तातला जळाला तर सोबत बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. भाग महिन्या-महिन्याने गोळा करून ठेवण्यातही तोटा आहे. हमी बिलाच्या दिवसापासून चालू होते आणि बिघाड यंत्र जोडल्यावरच कळतो. लॅमिंग्टन रोडला भाव चांगला मिळतो हे खरे, पण बिघडलेला भाग घेऊन पुण्याहून मुंबईला जाण्याचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी त्या भावात मिळवून मग तुलना करावी.

विजेचाही अंदाज घ्यावा. खेळताना असे यंत्र तीनशे वॅटच्या आसपास ओढते असे धरले तर रोज चार तासांना महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटांना टप्पा बदलतो. या ३६ युनिटांनी आपण वरच्या टप्प्यात जातो का, ते आपल्याच बिलावरून दिसेल.

भाच्याचे शेवटी असे झाले. आमच्या मुलाचा निघालेला रायझेन ५ ३६०० त्याला तसाच दिला. त्यासाठी ए.एम. ४ चा नवा बोर्ड आणि नवा पॉवर सप्लाय घेतला. मेमरी एका बंद होणाऱ्या कचेरीच्या यंत्रांतून निघालेली, जुनी डीडीआर ४. दुकानात लावून, दोन तास चालवून, मगच पैसे दिले. पेटी, पडदा आणि एस.एस.डी. त्याचीच जुनी. कार्ड तेवढे नवे, ५०६०. नव्वद हजारांपैकी निम्म्याच्या थोडे वर खर्च झाले आणि उरलेले मेहुण्यांच्या बयाण्यात परत गेले. मेमरीला मात्र जूनमध्ये नव्या पट्टीला जो भाव होता, त्याहून जास्त या जुनीला द्यावा लागला. तो फरक आम्ही दिला. भाचा नको म्हणत होता, बहिणीने घ्यायला लावला.